एक्केचाळीस हजार किलोमीटरची गाडी

जाहिरातीत चारच ओळी होत्या. छोटी पिकअप, एकोणीस वर्षे जुनी. एकच मालक. एक्केचाळीस हजार किलोमीटर. घासाघीस नाही.

शनिवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी काचवाली आणि तिचा धाकटा भाऊ त्या गाडीसमोर उभे होते. दोन भिंतींमधल्या लांबलचक बोळाच्या शेवटी एक अंगण, अंगणात पत्र्याची शेड आणि शेडमध्ये गाडी. तोंड बोळाकडे, पाठ भिंतीला. रंग एकेकाळी पिवळा असावा.

काचवाली खिडक्यांच्या काचा कापून बसवायची. अकरा वर्षे तिने हे काम मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात केले. आठ महिन्यांपूर्वी ती तिथून बाहेर पडली आणि स्वतःची शेड घेतली. काचा वाहायला भाड्याचा टेम्पो होता. गेल्या आठवड्यात टेम्पोवाल्याने हात जोडले. "ताई, मी आता गाद्या नेतो. काचा असल्या की मला घरी गेल्यावरसुद्धा खळ्ळ असा आवाज ऐकू येतो."

त्याच आठवड्यात तिला आजवरचे सर्वात मोठे काम मिळाले होते. एका शाळेच्या चौसष्ट खिडक्या, सुट्टीच्या दोन आठवड्यांत, सोमवारपासून. मुख्याध्यापिका बाईंनी स्पष्ट सांगितले होते, "शनिवारी दुपारी तीनपर्यंत मला कळवा, तुमच्याकडे गाडी आहे की नाही. नसेल तर मी दुकानाला सांगते." दुकान म्हणजे तेच, जुने. दुकानाच्या मालकाला याचा वास लागला होता. गुरुवारी त्याने फोन करून गोड आवाजात सांगितले, "तुझं स्टूल अजून तिथंच ठेवलंय." शाळा गेली तर शेड सोडून त्या स्टुलावर जाऊन बसावे लागेल, हे काचवालीला त्याच्याइतकेच पक्के ठाऊक होते. तिला परवडतील अशा गाड्या तिने आठवडाभर शोधल्या. ही एकच मिळाली होती.

धाकटा पंख्यांच्या दुकानात विक्रेता होता. स्वतःची म्हणावी अशी त्याच्याकडे फक्त स्कूटर होती, पण कुठल्याही चार चाकांबद्दल त्याचे मत तयार असे. जुनी पिकअप घेताना काय पाहावे, याची चौतीस कलमांची यादी तो छापून घेऊन आला होता. यादी पुठ्ठ्याला चिमट्याने लावलेली, पेन कानावर.

"एकोणीस वर्षांत एक्केचाळीस हजार," तो बहिणीच्या कानाशी म्हणाला. "ताई, ही गाडी नाही, ही कपाटात ठेवलेली पैठणी आहे."

"आधी बघ. मग बोल."

गाडीचे मालक शेडच्या खांबाला टेकून उभे होते. अडुसष्टच्या आसपासचे, किडकिडीत, इस्त्रीच्या शर्टातले. त्यांच्या उभे राहण्यात काहीतरी चमत्कारिक होते. छाती समोर आणि हनुवटी डाव्या खांद्याकडे, मागून कोणीतरी हाक मारली असावी तशी. बोलतानाही ते समोरच्याकडे पूर्ण वळत नसत.

"नजरेला नजर देत नाहीत," धाकटा कुजबुजला. "हे यादीत नाहीये, पण लिहून ठेवतो."

पहिली पाच कलमे चांगली गेली. पत्र्याला गंज कमी, दरवाजे नीट लागणारे, कागदपत्रे एकाच नावावर. सहावे कलम पेडलचे होते. धाकटा वाकला आणि तसाच राहिला.

"क्लचच्या पेडलचं रबर बघ. गुळगुळीत झालंय, साबणाच्या वडीसारखं."

"मग?"

"मग काय मग? यादीत लिहिलंय, रबर झिजलेलं असेल तर गाडी दीड-दोन लाख तरी चाललेली असते. एक्केचाळीस हजारांत रबरावरची रेषसुद्धा जात नाही."

"काका," काचवालीने विचारले, "हे पेडल बदललंय का कधी?"

"नाही."

"मीटर?"

"नाही."

"मीटरला कोणी हात लावलाय?"

"नाही. बरोबर आहे ते."

"गाडी कशासाठी वापरत होता?"

"कामासाठी."

काका थांबले. उत्तर पूर्ण झाले असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. विचारले तेवढेच सांगायचे आणि मग गप्प, अशी त्यांची रीत होती. धाकट्याने यादीच्या कडेला 'ताकास तूर लागू देत नाहीत' असे लिहिले.

पुढचे कलम आसनांचे. ड्रायव्हरचे आसन खोल बसलेले होते. शेजारचे मात्र नव्यासारखे ताठ, कोणी त्यावर बसलेच नसावे असे. पण त्याच कोऱ्या आसनाच्या पाठीची वरची कड पार फाटलेली होती. रेक्झिन गेलेले, आतला स्पंज काळाकुट्ट आणि मधोमध दबलेला.

"बसायची जागा नवी आणि पाठ फाटकी," धाकटा म्हणाला. "हे कसं?"

"मला काय विचारतोस? गाड्यांमधलं तुला कळतं ना?"

"मांजर पाळलं असेल," धाकट्याने थोडा विचार करून सांगितले. "मांजरं उंचावर बसतात."

काचवालीने यादी त्याच्याकडेच राहू दिली आणि आपल्याला जे वाचता येते ते वाचायला घेतले. पुढच्या काचेच्या कोपऱ्यातला कारखान्याचा शिक्का तिने पाहिला. साल गाडीचेच होते, म्हणजे काच पहिलीच. खिशातून कोरडे फडके काढून तिने एक हातभर जागा पुसली आणि गाल काचेजवळ नेऊन तिरप्या उजेडात पाहिले. वेगात पळणाऱ्या गाडीच्या काचेवर वर्षानुवर्षे बारीक खडे आणि वाळू आपटून टाचणीच्या टोकाएवढे हजारो खड्डे पडतात. दोन लाख किलोमीटरची काच अशा उजेडात पिठाने माखल्यासारखी दिसते. ही काच स्वच्छ होती. चाळीस हजार म्हटले तरी जास्तच वाटावे इतकी.

मग ती हौद्यात चढली आणि केबिनची मागची काच पाहिली. ती बाहेरून धुरकट झाली होती. सगळी नव्हे. खांद्याच्या उंचीला दोन ठिकाणी, बशीएवढे दोन गोल, त्यांत केसासारखे बारीक अर्धवर्तुळाकार ओरखडे. कुणीतरी एकाच जागी बसून, एकाच तऱ्हेने, वर्षानुवर्षे पाठ घासली होती.

"काय म्हणते काच?" धाकट्याने विचारले.

"पुढची म्हणते गाडी चाललीच नाही. मागची काय म्हणते ते मला कळत नाही."

"म्हणजे घ्यायची की नाही?"

"मिस्त्रींना दाखवू."

काकांनी किल्ली दिली. कागद नको, अनामत नको. "मागं आणताना मात्र उलटीच आत घ्या," एवढे ते म्हणाले. हे एकच वाक्य त्यांनी न विचारता सांगितले होते.

मिस्त्रींचे गॅरेज चार किलोमीटरवर होते. काचवाली चालवत होती. दुकानाची गाडी तिने अकरा वर्षे चालवली होती, तेव्हा हाताला सवय होती. सिग्नलला क्लच सोडला की तो फार वर येऊन पकडत होता. इंजिनाचा आवाज मात्र सारखा होता.

मिस्त्री वजनदार गृहस्थ होते आणि गाडीखाली गेले की अर्धा तास बाहेर येत नसत. धाकटा वाकून त्यांच्या पायांशी बोलत राहिला. पावणेअकराला मिस्त्री बाहेर आले आणि हात पुसत त्यांनी गाडीकडे रागाने पाहिले.

"कुणाची गाडी?"

"एका काकांची. का हो?"

"क्लचप्लेट संपलीय. पुढचे तीन गिअर लोण्यासारखे पडतात, आणि रिव्हर्स टाकला की टिकत नाही, दांडा उडून परत येतो. आता मला सांगा, गिअरबॉक्समध्ये सगळ्यात कमी वापरतात तो रिव्हर्स. तो आधी कसा मरेल?"

"मीटर फिरवलंय?" धाकट्याने विचारले.

"क्लच आणि इंजिन बघितलं तर दोन लाख. मागच्या स्प्रिंगचे पाटे बघितले तर कालच कारखान्यातून आलेत, एक पान तुटलेलं नाही, बसलेलं नाही. शॉकअब्सॉर्बर पहिलेच आहेत. माझ्या पस्तीस वर्षांत असली गाडी बघितली नाही. वरून म्हातारी, खालून तरणी, आणि मधे काय आहे ते तिलाच माहीत."

"मिस्त्री, घेऊ की नको?" काचवालीने विचारले. "तीनच्या आत मला हो किंवा नाही सांगायचंय."

मिस्त्रींनी फडके खांद्यावर टाकले. "हे बघा ताई. जी गाडी स्वतःबद्दल दोन गोष्टी सांगते, ती एक तरी खोटी सांगते. मीटर फिरवलेलं असणार. जो माणूस मीटर फिरवतो तो अजून काय काय फिरवत असेल? सोडून द्या."

"मी तेच म्हणत होतो," धाकटा म्हणाला.

"तू पैठणी म्हणत होतास."

परतताना काचवालीच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. माणूस खोटे बोलत असेल तर किल्ली अशी हातावर ठेवतो का? आणि खरे बोलत असेल तर क्लच कुणी खाल्ला? दोन्हीपैकी काहीही धरले तरी दुसरे हातातून निसटत होते. वेळ मात्र चालला होता. सव्वाअकरा.

बोळाच्या तोंडाशी तिने गाडी थांबवली. धाकट्याच्या यादीत शेवटचे, चौतिसावे कलम होते, 'चाचणीआधी व चाचणीनंतर मीटरची नोंद.' चाचणी संपली असे धरून त्याने वाकून आकडा उतरवला. ४१,२६३ आणि शेवटच्या पांढऱ्या चकतीवर ४. मग तिने गाडी उलटी वळवली, रिव्हर्स टाकला, आणि दांडा उडू नये म्हणून हाताने घट्ट दाबून धरत, मागे मान वळवून, सव्वाशे मीटरचा तो बोळ पार केला. अंगणात येईपर्यंत तिची मान अवघडली.

काका खांबाला टेकलेलेच होते. त्यांच्या शेजारी आता काकू होत्या, हातात पाण्याचे दोन पेले.

"किती फिरवली?" काकांनी विचारले.

धाकट्याने आत वाकून मीटर पाहिले आणि यादी पाहिली. परत मीटर पाहिले. "ताई, मी मघाशी काय लिहिलं?"

"मला काय माहीत? तू लिहिलंस."

"त्रेसष्ट पूर्णांक चार लिहिलंय. आता तीन आहे."

"चुकीचं लिहिलं असशील."

"मी रोज पंख्यांचे नंबर लिहितो! चार होते. चारच होते."

"मग आता चारच असतील. नीट बघ."

"ये तू, तूच बघ!"

तिने पाहिले. तीन. तिने गाडी सुरू केली, बोळातून सरळ तोंडापर्यंत नेली. चकती हलली आणि चारावर आली. रिव्हर्स टाकला, दांडा दाबून धरला. या वेळी ती मागे पाहत होती आणि धाकटा मीटरवर नाक टेकवून बसला होता. बोळाच्या मध्यावर तो ओरडला, "फिरतंय! ताई, उलटं फिरतंय! चाराचे तीन झाले!"

गाडी अंगणात आली तेव्हा काकू हसत होत्या. काकांना मात्र यात हसण्यासारखे काय आहे ते समजत नव्हते.

"काका," काचवाली खाली उतरत म्हणाली, "ही गाडी मागं गेली की मीटर कमी होतं?"

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो. जुन्या मीटरचं तसंच असतं बऱ्याचदा. तार उलटी फिरली की चकत्या उलट्या."

"मग सांगितलं का नाही?"

"विचारलं नाहीत. हात लावला का विचारलंत. लावला नाही."

"अहो, त्यांना नीट सांगा तरी," काकू म्हणाल्या. "सगळं आयुष्य रस्त्यावर बिनतारी यंत्रावर गेलं ह्यांचं. हो, नाही, सोडा, थांबा. घरीसुद्धा तसंच. लग्नाला हो म्हणाले तेव्हाही एवढंच म्हणाले होते."

मग काकांनी सांगितले. घशातून एक-एक वाक्य काढल्यासारखे, पण क्रमाने सांगितले. महामार्गावर दुरुस्ती असली की एक बाजू बंद करावी लागते. त्यासाठी लाल-पांढरे शंकू ठेवतात, दहा-दहा पावलांवर एक. शंकू ठेवताना गाडी माणसाच्या चालीने पुढे जाते आणि हौद्यातला माणूस एकेक खाली सोडतो. काम झाले की ते उचलायचे असतात, आणि शेवटी ठेवलेला आधी उचलायचा. सुरुवातीचा आधी उचलला तर मागून येणाऱ्या गाड्या काम करणाऱ्यांच्या अंगावर येतील. म्हणून गाडी शेवटच्या शंकूपासून उलटी निघते आणि पहिल्या शंकूपर्यंत उलटीच येते. कधी चार किलोमीटर, कधी नऊ. दिवसातून दोन-तीनदा. एकोणीस वर्षे.

"जेवढं पुढं गेलो तेवढं मागं आलो," काका म्हणाले. "मीटरवर उरलं ते घर ते काम आणि काम ते घर. तेवढं एक्केचाळीस हजार झालं. बरोबर आहे ते."

काचवालीने केबिनकडे पाहिले. शेजारच्या आसनाची फाटकी पाठ म्हणजे हात मागे टाकून वळून बसण्याची जागा. मागच्या काचेवरचे दोन गोल म्हणजे हौद्यात केबिनला पाठ लावून बसणाऱ्या माणसाच्या जाकिटाची बकले. क्लच, रिव्हर्स. आणि चालीच्या वेगाने पुढे गेलेल्या गाडीच्या काचेवर खडे आपटतील कशाला? काकांच्या मानेकडे तिने पाहिले नाही. काकूंनीच ते उरकले. "हे बघा, निवृत्त होऊन दोन महिने झाले तरी मागचंच बघत बसतात. डॉक्टर म्हणतात आता मान अशीच राहायची."

धाकटा हिशेबाला बसला होता. रोज सहा किलोमीटर उलटे, वर्षाचे अडीचशे दिवस, गुणिले एकोणीस, त्याच्या दुप्पट. पहिल्यांदा उत्तर सत्तावन्न हजार आले, दुसऱ्यांदा एक लाख अठ्ठावीस हजार. तिसऱ्यांदा त्याने दुप्पट करावी की नाही यावरच वाद घातला.

"ताई, मुळात मागं गेलेलं चाललेलं धरायचं का?"

"चाकं फिरली ना?"

"फिरली. पण गाडी तिथंच आली ना?"

"तू घरून दुकानात जातोस आणि परत येतोस, तेव्हा चपला झिजतात का नाही?"

"झिजतात. पण मी उलटा चालत येत नाही."

तिने मिस्त्रींना फोन लावला आणि सगळे सांगितले. पलीकडे पान्हा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मिस्त्री?"

"ऐकतोय. म्हणजे मीटर खरं आहे?"

"खरं आहे. पण त्यावरचा आकडा खरा नाही."

"आणि माणूस खोटारडा नाही."

"नाही."

"मग मी आता काय सांगू? पुढं चाललेली गाडी मला तपासता येते. निम्मी उलटी चाललेली कधी आली नाही माझ्याकडं. इंजिन दोन लाखांचं म्हणालो, ते तासांच्या हिशेबानं बरोबर आहे. पाटे नवे म्हणालो, तेही बरोबर. क्लच मी उद्या बसवून देतो. रिव्हर्सचा दात मात्र मागवावा लागेल, दहा दिवस धरा. घ्या किंवा नका घेऊ, दोन्ही मी सांगितलं असं कुणाला सांगू नका."

बारा वाजले होते. सकाळी तिला गाडीबद्दल काहीच माहीत नव्हते, पण घ्यायची की नाही हे कळण्याची आशा होती. आता सगळे माहीत होते आणि ती आशा उरली नव्हती. गाडी जुनी होती आणि नव्हती. मालक खरा होता, पण त्या खरेपणाने क्लच भरून येणार नव्हता. यादीतल्या चौतीस कलमांपैकी सतरा हिरवी होती, सतरा लाल. धाकट्याने दोनदा मोजली.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही माझ्या जागी असता तर घेतली असती?"

काकांनी विचार केला. "मला काचा न्यायच्या नसत्या."

"न्यायच्या असत्या तर?"

"काचा मी कधी नेल्या नाहीत."

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. काचवालीला मात्र त्या उत्तरातून काहीतरी सुचले. सकाळपासून प्रत्येकजण गाडीला आपापला प्रश्न विचारत होता. किलोमीटर किती, क्लच किती, दात किती. तिचा स्वतःचा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, तिनेही नाही.

"मला ही दोन तास हवी आहे. सहा काचा घालून फिरवून आणते. तुम्ही चला बरोबर."

"चला," काका म्हणाले.

तिघे दाटीवाटीने बसून शेडवर आले. काचवाली आणि धाकट्याने उभ्या काचा टेकवायची लाकडी चौकट हौद्यात चढवली, खाली जाड लोकरी कापडाच्या दुहेरी घड्या टाकल्या. शाळेच्या मापाच्या सहा काचा तिने एकेक करून उभ्या केल्या, मध्ये कागद. तेवढ्यात शेडचा मालक बोलवायला आला म्हणून ती दोन मिनिटे बाजूला गेली. परत आली तेव्हा धाकट्याने पट्टा बांधून टाकला होता आणि काका रस्त्याकडे मागे वळून पाहत उभे होते.

तिने मुद्दाम वाईट रस्ता निवडला. पाइप टाकण्यासाठी खोदून परत बुजवलेला दीड किलोमीटर, मग रेल्वे फाटक, मग दगडी फरसबंदीची गल्ली. या रस्त्याने टेम्पोवाल्याने काचा न्यायला दोनदा नकार दिला होता. गाडी खड्ड्यांत उतरत होती आणि वर येत होती, पण आपटत नव्हती. सगळा धक्का पाटे गिळत होते. रेल्वे फाटकावर तिने कान मागे लावून ठेवले. मागून आवाज आला नाही. गल्लीच्या शेवटी मात्र आला. बारीक, कोरडा, टच्च असा. टेम्पोवाल्याला ऐकू यायचा तो नव्हे, त्याहून लहान. पण तिने तो ओळखला.

गाडी बाजूला घेऊन ती हौद्यात चढली. सर्वात बाहेरची काच तडकली होती.

"बघ," धाकटा खालून म्हणाला. "मिस्त्री काय म्हणाले होते? सोडून द्या म्हणाले होते. सहातली एक गेली. चौसष्टातल्या किती जातील? दहा. अकरा."

काकांचा चेहरा पडला होता.

काचवालीने त्यांच्याकडे पाहिले नाही. ती गुडघ्यावर बसली. तडा कुठून सुरू झाला ते शोधायला तिला अर्धा मिनिट लागला. धक्क्याने काच गेली असती तर तडा खालून, कापडावर टेकलेल्या कडेपासून वर चढला असता. खालची कड बोटाने तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. अखंड होती. तडा बाजूच्या कडेपासून निघाला होता, हौद्याच्या तळापासून हातभर उंचीवर. त्या जागी शिंपल्याच्या आकाराचा छोटा टवका उडाला होता. आणि त्या टवक्यावर, बरोबर त्यावर, पट्टा आवळायचे लोखंडी बकल बसले होते.

बकल नेहमी लाकडावर घ्यायचे. काचेवर आले तर मधे कापड तरी. हे ती पहिल्या वर्षी स्टुलावर बसून शिकली होती, तीन काचा फोडून.

"पट्टा कुणी आवळला?"

धाकट्याने पुढच्या टायरकडे पाहिले. मग मागच्या टायरकडे पाहिले.

"घट्ट असावा म्हणून," तो म्हणाला.

"किती दात आवळलास?"

"जेवढे होते तेवढे."

तिने बकल सैल केले, काच काढून कागदात गुंडाळली, उरलेल्या पाच पुन्हा बांधल्या. बकल लाकडावर. तोच रस्ता उलट दिशेने घेतला. गल्ली, फाटक, खोदलेला दीड किलोमीटर. शेडपाशी येऊन तिने पाचही काचा उन्हात धरून एकेक तपासल्या. कडेला एकही टवका नव्हता. एकोणीस वर्षे गाडी माणसाच्या चालीने चालली होती, आणि तिच्या मालाला तोच वेग लागत होता. बाकीचे कळले नव्हते आणि कळणारही नव्हते.

"घेते," ती काकांना म्हणाली.

"मीटरचं काय लिहायचं? कागदावर रकाना असतो."

"जे दिसतं ते लिहा."

"आणि तुमच्यानंतर कुणी घेतली तर?"

"तर मी सांगेन. न विचारता."

काकांना ते टोचले की आवडले हे त्यांच्या हनुवटीवरून समजले नाही. त्यांनी फक्त मान हलवली, अर्थात खांद्याकडेच.

दोन वाजून एकावन्न मिनिटे झाली होती. तिने शाळेचा नंबर लावला. फोन मुख्याध्यापिका बाईंनीच उचलला.

"बाई, काचवाली बोलतेय. गाडी मिळाली. सोमवारी आठला येते."

"बरं झालं बाई. मी आत्ता दुकानाला फोन करायच्याच बेतात होते. त्यांना नको म्हणून कळवते. पण गाडी नक्की आहे ना? चालती?"

"चालती आहे." ती थांबली. रिव्हर्सचा दात दहा दिवसांनी येणार होता आणि सोमवार परवा होता. "बाई, एक विचारू? तुमच्या गेटमधून आत आल्यावर गाडी वळवता येईल एवढी जागा आहे का? म्हणजे आत आलेली गाडी मागं न घेता, फिरून, सरळ तोंडानं बाहेर पडेल अशी?"

"मागं न घेता? का बरं?"

"सध्या तिला मागं न घेतलेलं बरं."

"हे मी कधी बघितलंच नाही हो. झाड आहे मध्ये. थांबा, बघून येते."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग दूर जाणाऱ्या चपलांचा. धाकट्याने हातानेच विचारले, काय म्हणतात? तिने खांदे उडवले आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.